‘प्रश्न उद्भवत नाही’

विधानमंडळात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला एक ठरलेला साचा आहे. ‘सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात होते. मग एक : अमुक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांची पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय? दोन : असल्यास, ती भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? तीन : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराचाही साचा ठरलेला आहे. एक : हे अंशतः खरे आहे. दोन : कार्यवाही सुरू आहे. तीन : प्रश्न उद्भवत नाही.

‘कार्यवाही सुरू आहे’ असे एकदा लिहून टाकले की विलंब झालेलाच नाही, आणि विलंबच नाही तर त्याची कारणे सांगण्याचा प्रश्न कुठून उद्भवणार? तर्क बिनतोड आहे. रुग्णालयात डॉक्टर नव्हता तो नाहीच; छापील यादीत मात्र प्रश्नाचे उत्तर झाले, आणि ज्या आमदाराने प्रश्न विचारला त्याचेही काम झाले. मतदारसंघात गेल्यावर ‘मी आवाज उठवला’ म्हणायला तो मोकळा.

आपल्या जिल्हा बैठकीत दर खेपेला कापसाच्या भावाची, पीकविम्याची, विजेची चर्चा संपत आली की मागे बसलेल्या बाया उठतात आणि दोन गाऱ्हाणी मांडतात. एक दवाखान्याचे, दुसरे एसटीचे. आपल्यातल्या काही कार्यकर्त्यांना हे विषय म्हणजे मूळ लढाईला फुटलेले फाटे वाटतात. भाव मिळाला की शेतकरी स्वतःच्या पैशाने डॉक्टरकडे जाईल आणि स्वतःच्या गाडीने जाईल, असे ते म्हणतात. भाव मिळेल तेव्हा मिळेल. तोवर कोरडवाहू घराचा हिशेब आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. उत्पादन खर्च भरून निघत नाही म्हणून ते घर दरसाल थोडे थोडे खचते, आणि घरात एक मोठे आजारपण आले की एका झटक्यात बसते. दिवाळीच्या तोंडाला पहिली वेचणी विकून आलेले पैसे जिल्ह्याच्या गावी नेणाऱ्या जीपच्या भाड्यात आणि बाहेरून आणायला सांगितलेल्या औषधात गेलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत.

शिवाय दवाखाना आणि एसटी हे दोन विषयच नव्हेत. तो एकच विषय आहे; मंत्री दोन आहेत एवढेच. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. निर्णय चांगलाच आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले, तोही चांगला. पण गावात सकाळची गाडीच येत नसेल तर अर्ध्या तिकिटाचे काय करायचे? आणि मोफत दवाखाना गाठायला हजार रुपयांची गाडी करावी लागत असेल तर तो मोफत कसला? आरोग्यमंत्र्याला विचारावे तर तो मोफत उपचाराचे आकडे सांगतो. परिवहनमंत्र्याला विचारावे तर तो सवलतीचे. दोघांची उत्तरे खरी, आणि बाई फाट्यावर उभीच.

म्हणून सरकारला प्रश्न विचारणे हे फार मोलाचे काम आहे. राज्यकारभारात विरोधी पक्षाला दिलेले ते पहिले काम. मंत्र्याला उभे करायचे, तोंडी उत्तर द्यायला लावायचे, उपप्रश्न विचारून खिंडीत गाठायचे आणि त्याच्या तोंडून आश्वासन काढून घ्यायचे. दिलेले आश्वासन पाळले की नाही हे पाहायला विधानमंडळाची आश्वासन समिती आहे. सरकारने पैसा कसा खर्च केला हे तपासायला लोकलेखा समिती आहे. हत्यारांचा तुटवडा नाही. हत्यार धरणारा हात मात्र तपासून पाहिला पाहिजे.

महाराष्ट्राच्या विधानसभेतील विरोधी पक्षनेत्याच्या खुर्चीचा अलीकडचा इतिहास पाहा. नोव्हेंबर २०१४ मध्ये एकनाथ शिंदे त्या खुर्चीवर बसले. ५ डिसेंबरला शिवसेना सरकारात गेली आणि शिंदे मंत्री झाले. महिनाभरही विरोध टिकला नाही. त्यांच्यानंतर राधाकृष्ण विखे पाटील आले. त्यांनी साडेचार वर्षे ज्या सरकारला प्रश्न विचारले, त्याच सरकारात ते जून २०१९ मध्ये मंत्री झाले. जुलै २०२२ मध्ये अजित पवार विरोधी पक्षनेते झाले आणि २ जुलै २०२३ रोजी उपमुख्यमंत्री. मधल्या काळात देवेंद्र फडणवीस त्या जागी होते. सरकारच पडले आणि तेही त्या बाजूला गेले. त्यांची गोष्ट वेगळी, कारण त्यांचा पक्ष आधीपासून विरोधातच होता. पण बाकी तिघांनी ती खुर्ची बसथांब्यासारखी वापरली. गाडी आली की चढायचे.

त्यातही शिंदे यांचे उदाहरण आमच्या विषयाला अगदी चपखल आहे. २०१४ मध्ये विरोधी पक्षनेते. २०१९ मध्ये सार्वजनिक आरोग्य मंत्री. २०२२ पासून मुख्यमंत्री असताना परिवहन खाते त्यांच्याच हाती. म्हणजे प्रश्न विचारण्याची जागा, दवाखान्याबद्दल उत्तर देण्याची जागा आणि एसटीबद्दल उत्तर देण्याची जागा, तिन्ही एकाच माणसाने पाहिल्या. हा त्यांच्या एकट्यावरचा राग नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रातला असा एकही मोठा पक्ष उरला नाही, जो दोन्ही बाजूंच्या बाकांवर बसलेला नाही. त्यामुळे या बाजूने विचारलेला प्रश्न आणि त्या बाजूने दिलेले उत्तर दोन्ही सगळ्यांना तोंडपाठ आहेत.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर तर ती खुर्चीच रिकामी राहिली. विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाला २० जागा, त्याखालच्याला १६, तिसऱ्याला १०. एकूण जागा २८८. एक दशांश, म्हणजे २९ आमदार हवेत, असे सांगितले गेले. महाराष्ट्रात विरोधी पक्षनेत्याच्या वेतन-भत्त्यांचा कायदा १९७८ चा आहे. त्यात सर्वाधिक संख्याबळाच्या विरोधी पक्षाचा, अध्यक्षांनी किंवा सभापतींनी मान्यता दिलेला नेता, एवढेच म्हटले आहे. एक दशांशाचा आकडा त्यात नाही. तो संकेत आहे. दिल्लीत २०१५ साली ७० पैकी ३ आमदारांच्या पक्षाचा नेता विरोधी पक्षनेता म्हणून मानला गेला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये विधान परिषदेतील अंबादास दानवे यांची मुदत संपली आणि डिसेंबर २०२५ चे नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्यावाचून पार पडले. विदर्भाचे प्रश्न विदर्भात ऐकले जावेत म्हणून १९५३ च्या नागपूर कराराने जे अधिवेशन मिळाले, त्यात विचारणारा पहिला माणूसच नव्हता. हे वाईट झाले, असे आमचे स्पष्ट मत आहे. खुर्चीवर बसून कोण कुठे गेला, हा एक भाग; खुर्चीच नसावी, हा दुसरा. पहिल्यामुळे दुसरे समर्थनीय ठरत नाही.

आता नांदेडकडे वळू. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या दरम्यान विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले; त्यांत १२ नवजात बालके. दुसऱ्या दिवशी आणखी सात. त्याआधी ऑगस्टमध्ये कळव्याच्या रुग्णालयात चोवीस तासांत अठरा मृत्यू झालेच होते. विरोधी पक्षांचे नेते नांदेडला धावले, राजीनामे मागितले गेले. सत्ताधारी बाजूच्या एका खासदाराने रुग्णालयाच्या अधिष्ठात्यालाच संडास साफ करायला लावले, त्याची चित्रे देशभर दाखवली गेली. त्या झाडूने एकही औषध आले नाही की एकही परिचारिका नेमली गेली नाही.

नांदेडचा आवाज सर्वांत आधी उठवणाऱ्यांत अशोक चव्हाण होते, तेव्हाचे काँग्रेसचे आमदार, माजी मुख्यमंत्री. रुग्णालयाला त्यांच्या वडिलांचे नाव. साडेचार महिन्यांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, ते भाजपमध्ये गेले आणि राज्यसभेवर निवडून आले. माणूस गेला तर गेला, पक्ष बदलायला कायद्याने बंदी नाही. पण त्याच्यासोबत प्रश्नही गेला. जिल्ह्याचा प्रश्न एका पुढाऱ्याच्या खिशात ठेवला की असेच व्हायचे.

त्या गदारोळात एक साधी गोष्ट फारशी कुणी समजावून सांगितली नाही. ते रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे नव्हतेच. वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असतात. त्या वेळी तो मंत्री वेगळा, पक्ष वेगळा. ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे. कळव्याचे रुग्णालय तर ठाणे महापालिकेचे. रोगी एकच, पण उपकेंद्रातून केंद्रात, केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून महाविद्यालयात पाठवला जाईपर्यंत तीन मालकांच्या हातून जातो. प्रश्न चुकीच्या मंत्र्याला गेला की उत्तर आयतेच मिळते : सदर बाब या विभागाशी संबंधित नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

रुग्णालयाच्या बाजूने तेव्हा सांगण्यात आले की सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या टापूत एवढे मोठे रुग्णालय तेच आहे, लांबून रुग्ण येतात आणि फार उशिरा, गंभीर अवस्थेत येतात. हे उत्तर म्हणून दिले गेले. आमच्या मते खरा प्रश्न इथेच सुरू होतो. उशिरा का येतात? तीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, पाच हजारांना एक उपकेंद्र, हे शासनाचेच माप. तिथे रात्री कोण असते? १०८ ची रुग्णवाहिका २०१४ साली राज्यात ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, तिने पुष्कळ जीव वाचवले. पण तालुक्याला दोन-तीन गाड्या आल्या आणि त्या आधीच कुठे गेल्या असतील तर गावातला माणूस कशाने येणार? नांदेडच्या मृत्यूंत कुठेतरी न आलेली गाडीही आहे. ती शोधायला परिवहन खात्याला कुणी उभे केले नाही.

औषधांचेही तसेच. सरकारी रुग्णालयांसाठी औषध खरेदी हाफकिनकडे होती. ती काढून नव्या प्राधिकरणाकडे द्यायचा कायदा २०२३ सालीच झाला. जुने आवरत आणलेले, नवे अजून उभे राहायचे, आणि मधल्या काळात रुग्णाच्या नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी. आपल्याला हे नवीन नाही. खरिपाच्या तोंडावर बियाण्याची योजना बदलली की पेरणीच्या आठवड्यात काय होते, ते आपण जाणतो.

आपल्या पिकाशी थेट जोडलेले उदाहरण यवतमाळचे आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो रुग्णालयात पडले. कीटकनाशके, बोगस बियाणे, कंपन्या, परवाने यांवर पुष्कळ वादळ उठले आणि ते उठायलाच हवे होते. पण कृषी पदवी घेतलेल्या माणसाला जे ठाऊक असते ते थोडे सांगतो. मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधे शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या विकराला निकामी करतात. रक्तात त्याचे प्रमाण तपासले की विषबाधा किती आणि कोणत्या गटाच्या औषधाची, याचा अंदाज येतो. ॲट्रोपिन द्यायचे ते त्या धोरणाने. दुसऱ्या गटाच्या औषधाला ॲट्रोपिनचा उतारा चालत नाही. म्हणजे तपासणी हवीच. कापसाच्या जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयात त्या वेळी ही रक्ततपासणी होत नव्हती. दरवर्षी जुलै ते ऑक्टोबर लाखो लोक पाठीवर पंप घेऊन शेतात उतरतात, आणि जिल्ह्याला ती तपासणी नव्हती. विधानमंडळात ‘विषबाधेने मृत्यू झाले हे खरे आहे काय’ असे विचारले की ‘होय’ म्हणून मदतीची रक्कम सांगितली जाते. ‘कोलिनेस्टरेजची तपासणी अमुक रुग्णालयात कोणत्या तारखेपासून उपलब्ध आहे’ असे विचारले की तारीख तरी द्यावी लागते, नाहीतर नाही म्हणावे लागते.

एसटीच्या बाबतीत उत्तर टाळण्याची रीत वेगळी आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. पुढे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली महामंडळ झाले. महामंडळाने धंद्याच्या तत्त्वावर चालावे असे तो कायदा म्हणतो. म्हणून फेरी बंद झाली की आगारातून उत्तर येते, भारमान कमी. सकाळच्या फेरीला माणसे का कमी झाली? कारण ती वेळेवर येईना. वेळेवर का येईना? कारण गाड्या जुन्या आणि कमी. करोनाच्या आधी महामंडळाकडे अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या, नंतर त्या हजारांनी घटल्या. घटलेल्या गाड्या लांब पल्ल्याच्या रस्त्यांवर राहिल्या आणि आडमार्गाच्या फेऱ्या तुटल्या. पाटाचे पाणी कमी झाले की शेपटाकडचे शेत आधी सुकते, तसेच.

मंत्री सभागृहात म्हणतो, महामंडळ स्वायत्त आहे. पण त्याच कायद्यात राज्य सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकते असे कलम ३४ आहे. सवलती जाहीर करताना स्वायत्तता आडवी येत नाही, तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर लावताना येत नाही. बंद फेरी सुरू करा म्हटले की मात्र येते. २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. त्याच वर्षी जूनमध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी एसटीची श्वेतपत्रिका काढली, तीत साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला आहे. श्वेतपत्रिका काढली हे बरे केले. आता त्या तोट्यात सरकारच्याच सवलतींची थकबाकी कोणत्या वर्षी किती होती, आणि ग्रामीण फेऱ्या कोणत्या वर्षी किती तुटल्या, हे आकडे समोरासमोर ठेवायला लावणारा उपप्रश्न हवा.

आणि विरोधकांचे इथेही तेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये एसटी कामगारांचा संप सुरू झाला. महामंडळ शासनात विलीन करा ही मागणी. गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत हे तेव्हा विरोधी बाजूचे आमदार आझाद मैदानात कामगारांबरोबर बसले. खोत तर शेतकरी चळवळीतूनच पुढे आलेले. परिवहनमंत्री अनिल परब वेतनवाढ देऊ म्हणत होते, विलीनीकरण नाही म्हणत होते. मुख्य सचिवांच्या समितीने विलीनीकरण शक्य नाही असा अहवाल दिला. उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतण्यास सांगितले आणि साडेपाच महिन्यांचा संप संपला. दोन महिन्यांनी सरकार बदलले. ज्यांनी विलीनीकरण मागितले त्यांचे राज्य आले. विलीनीकरण झाले नाही. ते शक्य होते की नव्हते यावर वाद होऊ शकतो, आमच्यातही आहे. पण विरोधात असताना शक्य आणि सत्तेत आल्यावर अशक्य, असे अर्थशास्त्र जगात कुठे नाही. त्या साडेपाच महिन्यांत ज्या खेड्यांच्या फेऱ्या थांबल्या, त्यांतल्या कित्येकांना मुक्कामी गाडी परत मिळाली नाही. मुक्कामी गाडी म्हणजे पहाटे तालुक्याला पोचण्याची एकमेव सोय; बाळंतपणाला, तपासणीला, कॉलेजला.

तेव्हा शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, अधिवेशन जवळ आले की कोणत्या आमदाराने सभात्याग केला आणि कोण फलक घेऊन पायऱ्यांवर बसला, याने हुरळून जाऊ नये. आमदार सत्तेतला असो की विरोधातला, त्याला आपल्या तालुक्याचा प्रश्न आपण लिहून द्यावा. प्रश्नात तारीख असावी, गावाचे नाव असावे, फेरीची वेळ असावी, आणि तो योग्य खात्याला असावा. ‘एसटीची दुरवस्था’ असा प्रश्न दिला की मंत्री अर्धा तास नव्या गाड्यांच्या खरेदीबद्दल बोलतो. ‘सकाळी सहाची अमुक-अमुक फेरी किती तारखेपासून बंद आहे आणि ती बंद करण्याचा लेखी आदेश कोणाचा’ असे विचारले की त्याला विभाग नियंत्रकाला फोन करावा लागतो. सत्ताधारी आमदाराला असा प्रश्न विचारायला संकोच वाटेल, तो त्याला वाटू द्यावा. विरोधी आमदार प्रश्न आनंदाने घेईल. त्याच्याकडून उत्तराची छापील प्रत मागून घ्यावी आणि ती आपल्या दप्तरी ठेवावी. तो उद्या मंत्री झाला तर तीच प्रत त्याच्यापुढे ठेवायची आहे. जे त्याच्या हातून मिळत नाही ते माहितीच्या अधिकारात, २००५ च्या कायद्याने, आपल्यालाच मागता येते.

पुढच्या तालुका बैठकीला प्रत्येक गावाने एक शंभर पानी वही आणावी. डाव्या पानावर एसटी : गावात येणाऱ्या सगळ्या फेऱ्यांच्या ठरलेल्या वेळा, आणि महिनाभर रोज गाडी आली की नाही, किती उशिरा. उजव्या पानावर दवाखाना : आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर होते का, रात्री कोण होते, सर्पदंशाच्या लसीच्या बाटल्या किती, ॲट्रोपिन आहे का, कोणते औषध बाहेरून आणायला सांगितले, पुढे कुठे पाठवले आणि रोगी कोणत्या गाडीने किती भाडे देऊन गेला. रोग्याचे नाव लिहू नये, तारीख आणि खर्च लिहावा. वही गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीकडे द्यावी. आमचा अनुभव असा की पोरे चार दिवस लिहितात. महिन्याच्या वह्या तालुक्याला एकत्र करून जिल्हा बैठकीत त्यातून दहा प्रश्न काढू, ते जिल्ह्यातल्या सगळ्या आमदारांना एकाच दिवशी पोचवून पोच घेऊ, आणि कोणी कोणता प्रश्न विचारला व काय उत्तर आले ते याच पत्रकात छापू.